फोटो पोचवायचं काम

सिकंदरच्या स्टुडिओत आता फोटो धुवायच्या हायपोचा वास येत नाही, असं तो म्हणतो. मला येतो. मागच्या आठवड्यात शेवगावला गेलो, एसटी स्टँडवरून चालत पेठेत आलो, त्याच्या दुकानाच्या दोन पायऱ्या चढून आत पाऊल टाकलं आणि तो आंबट, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा वास आला. खरं तर इथं शेवटचा रोल धुतला त्याला कितीतरी वर्षं झाली. डार्करूममध्ये आता झेरॉक्सच्या कागदाचे गठ्ठे आहेत, लॅमिनेशनचं मशीन आहे, आणि जिथं लाल बल्ब होता तिथं पांढराभक्क एलईडी. चहा घेऊन आलेल्या भाभी म्हणाल्या, भावजी, सकाळीच फरशी पुसलीय, फिनेलचा वास असंल तो. असेलही. माझ्या नाकाला आता कोण समजावणार!

बोलावणं प्रदर्शनाच्या कामाचं होतं. संगमनेरच्या एका कॉलेजातल्या मुलामुलींनी कुणाच्या तरी घरात सिकंदरनं काढलेला एका आजोबांचा फोटो बघितला, विचारत विचारत ती शेवगावपर्यंत आली, आणि माळ्यावरचा खोका उघडून दोन तास मान खाली घालून बसली. आता त्यांना त्यातले चाळीस फोटो मोठे करून कॉलेजच्या हॉलमध्ये लावायचे आहेत. सिकंदरनं त्यांना सांगितलं, फोटो माझे हायेत, पण खाली लिहायचं काम लेखकाचं, त्याला विचारा. लेखक म्हणजे मी. गेली तीस वर्षं तो मला नावानं हाक मारत नाही. सुरुवातीला त्यात चेष्टा होती, नंतर सवय झाली, आणि आता त्याच्या नातवंडांना माझं नाव 'लेखकआजोबा' एवढंच माहीत आहे.

आमची गाठ पडली तेव्हा मी नगरच्या एका दैनिकातली नोकरी सोडून नुकताच मोकळा झालो होतो. 'मुक्त पत्रकार' असं कार्ड छापून घेतलं होतं. केडगावातले माझे शेजारी त्याचा अर्थ रिकामटेकडा असा घेत, आणि फार चुकत नसत. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक, शेतीची मासिकं, आकाशवाणीची भाषणं. जो मागेल त्याला मजकूर. शेवगावच्या कापूस बाजारावर लिहायला आलो, फोटो हवे होते, तर कुणीतरी सिकंदरचं दुकान दाखवलं. तो म्हणाला, मी लग्नाचे आन् पासपोर्टचे काढतो, बाजाराचे कोन काढतं? तरी कॅमेरा गळ्यात घालून माझ्या एम-एटी मोपेडवर मागं बसला. बाजारात मी व्यापाऱ्यांना प्रश्न विचारत हिंडलो. तो एका हमालाजवळ थांबला. हमाल कापसाच्या ढिगावर गाढ झोपला होता आणि झोपेतही त्यानं वजनाची चिठ्ठी मुठीत धरून ठेवली होती. माझा तो लेख आज कुणाला आठवत नाही, मलाही नाही. फोटो आठवतो. मला तेव्हा सिकंदरचा थोडा हेवा वाटला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर त्यानं एक पाकीट माझ्या हातात दिलं. हा त्या हमालाचा प्रिंट, नेऊन दे. मी म्हटलं, मी कशाला, तूच दे. तर तो कानामागची पेन्सिल काढून उगाच तिचं टोक बघत बसला. शेवटी म्हणाला, माणूस आपला फोटो बघतो ना, तवा त्याच्या समोर उभं राहवत न्हाई मला.  मग मीच गेलो. हमालानं फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाला, "मी झोपलो हुतो, हे मुकादमाला दावू नका." हे मी येऊन सिकंदरला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की भाभी आतून बघायला आल्या. मग त्याच फोटोचा स्वतःसाठी एक छोटा प्रिंट काढलेला होता, त्याच्या पाठीवर त्यानं पेन्सिलीनं नाव, गाव आणि ते वाक्य लिहून ठेवलं.

तिथून आमची रीत पडली. सिकंदर फोटो काढणार. एका माणसाचे दोनच काढणार, कारण तिसरा काढला की माणूस फोटोसाठी बसतो, असं त्याचं म्हणणं. रोल धुवून तीन प्रिंट काढणार: एक माझ्या लेखासोबत जायचा, एक ज्याचा फोटो त्याचा, एक खोक्यात. माणसाचा प्रिंट पोचवायचं काम माझं. आणि पोचवून आलो की तो एकच विचारणार, काय म्हणला? फोटो बघितल्यावर तोंडातून पहिलं जे निघालं ते. दुसरं-तिसरं त्याला नको असायचं. दुसऱ्या वाक्याला माणूस सावध हुतो, म्हणायचा.

त्या खोक्यातले फोटो मागच्या आठवड्यात आम्ही काउंटरवर एकेक करून मांडले आणि मी पाठीवरची अक्षरं वाचत गेलो. नेवाशाकडचा विहिरी खोदणारा: 'हा शर्ट भावाचा हाय, तसं लिव्हा.' जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी: 'फळ्यावरची तारीख चुकलीय.' एक शेळ्या राखणारी: 'फोटूत शेळीचं कान कापलं की हो.' गुऱ्हाळावर रस ढवळणारा म्हातारा: 'मी हसत हुतो व्हय?' वाचता वाचता माणसं परत समोर येऊन उभी राहिली. त्यातली बरीचशी आता नाहीत. सिकंदर प्रत्येकाला ओळखत होता. कुणाच्या घरी चहात आलं जास्त होतं हेही त्याच्या लक्षात होतं.

आम्ही किती हिंडलो त्याला गणतीच नाही. पौषातली सकाळ, दोन्ही बाजूंना कणसांनी वाकलेली ज्वारी, कुठंतरी शेताच्या कडेला हुरड्याची आगटी पेटलेली आणि तो भाजका, गोडसर धूर स्वेटरमध्ये शिरून घरापर्यंत यायचा. उन्हाळ्यात रस्त्याचा फुफाटा असा उडायचा की सिकंदर कॅमेऱ्याची बॅग शर्टाच्या आत घालून पोटाशी धरायचा. समोरून येणाऱ्याला वाटायचं, ह्याचं पोट सुटलंय. उसाच्या ट्रॉल्या पुढून आल्या की आम्ही गाडी बाजूला घेऊन थांबायचो, आणि त्या गेल्या की रस्त्यावर पडलेली दोन कांडकी उचलून दातांनी सोलत बसायचो. पंक्चर व्हायची. टायर काढून बसलेलं असताना तो गप्पा मारायचा, एरवी कमीच बोलायचा. एकदा तिसगावच्या अलीकडे एका बाभळीखाली असेच बसलो होतो तेव्हा त्यानं सांगितलं की त्याच्या आईचा फोटो नाही. तो पाच वर्षांचा असताना ती गेली. वडील शिलाई काम करायचे, फोटो काढायला कधी कुणी गेलंच नाही. तिचं तोंड मला आठवत न्हाई, म्हणाला. हात आठवतात, काचेच्या बांगड्या आठवतात, तोंडाच्या जागी काहीच न्हाई.  मी लिहिणारा माणूस. ऐकलेलं वाया जाऊ देत नाही. ते कुठंतरी जपून ठेवलं.

गयाबाई आम्हाला भेटली ती अशाच एका पौषात. पाथर्डीच्या अंगाला, शेवगावपासून चौदा किलोमीटरवर, माळाच्या कडेला आठ घरांची वस्ती. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा आणि सगळी वस्ती कोयते, भांडी, कोंबड्या, लेकरं घेऊन ऊस तोडायला जायची. त्या वर्षी ती माणसं संगमनेरकडच्या कारखान्यावर होती. मागं राहिली होती एकटी गयाबाई, आणि तिच्याकडं उरलेल्या सात घरांच्या किल्ल्या. सुतळीत ओवलेला तो जुडगा ती कमरेला खोचून हिंडायची. रोज सकाळी एक घर उघडायची, झाडायची, सडा टाकायची, थोडा वेळ दार उघडं ठेवून उंबऱ्यावर बसायची आणि मग कुलूप लावायची. आठवड्यात सात घरं होत. मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाली, घर बंद राह्यलं की रुसतंया. कुठली किल्ली कुणाची हे ती न बघता, नुसत्या बोटानं सांगायची.

फोटो काढायचा म्हटल्यावर तिनं तोंड धुतलं, डोक्यावरचा पदर तीनदा नीट केला आणि ताठ बसली. सिकंदरनं कॅमेरा बाजूला ठेवला आणि तिला कारखान्यावरच्या नातवंडांबद्दल विचारत बसला. अर्ध्या तासानं तिचा पदर सरकला, मांडीवर किल्ल्या आल्या, बोटं त्यांच्यावरून फिरायला लागली. तेव्हा त्यानं दोन फोटो काढले. निघताना तिनं त्याचा हात धरला. "फोटू मला बघाया मिळन ना? मागं एक साहेब काढून गेलं, ते माघारी आलंच न्हाईत." सिकंदरनं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "हा घेऊन यील मावशी. ह्याचं कामच ते हाय."

तो प्रिंट निघाला ती दुपार मला लख्ख आठवते. शटर अर्धं खाली ओढलेलं, बाहेर बाजाराचा गलका, आत डार्करूममध्ये लाल उजेड. ट्रेमधल्या डेव्हलपरमध्ये कागद हलवत सिकंदर उभा. आधी त्या लोखंडी किल्ल्या उमटल्या, मग बोटं, आणि सगळ्यात शेवटी चेहरा, हळूहळू, सुरकुतीला सुरकुती जोडत.  इतका चांगला फोटो त्यानं आधी काढला नव्हता आणि नंतरही काढला नाही. फाल्गुनात मी शेवगावला गेलो तेव्हा त्यानं पाकीट दिलं, वर सुवाच्य अक्षरात तिचं नाव, वस्तीचं नाव. म्हणाला, ऊन तापायच्या आत देऊन ये.

मी गेलो नाही. त्याच दिवशी जाता आलं असतं, पण मला साडेतीनच्या आत नगरला पोचायचं होतं, एक लेख कुरिअरनं पाठवायचा होता. मग चैत्रात पुण्याच्या एका मासिकाचं काम आलं. वैशाखात लग्नं. माझा गयाबाईवरचा लेख तोवर छापून आला होता, लोकांची पत्रं येत होती, एका सभेत माझा सत्कार झाला. शाल घेऊन मी फोटो काढून घेतला, आणि ज्या बाईमुळे ती शाल आली तिचं पाकीट माझ्या शबनम पिशवीत, डायरीच्या मागं, कोपरे दुमडत पडून होतं. रोज दिसायचं. रोज वाटायचं, या आठवड्यात जाऊ. सिकंदर फोनवर विचारायचा, मी म्हणायचो, जातोय रे, तिकडं दुसरंही एक काम निघालंय, एका फेरीत दोन्ही करतो. दुसरं काम नव्हतं. साधा आळस होता, आणि थोडा माज.

श्रावणात गेलो. माळ हिरवा झाला होता, वस्ती परत आलेली होती, घरांपुढं लुगडी वाळत होती. गयाबाईच्या दाराला मात्र कुलूप. मुलगा आणि सून खुरपायला गेलेले. शेजारच्या ओट्यावर एक बाई लसूण सोलत बसली होती. तिनं माझ्याकडं, मग गाडीकडं बघितलं आणि विचारलं, "तुमी फोटूवाले का?" मी मान हलवली. ती म्हणाली, म्हातारी आषाढात गेली. दोन दिवस ताप आला आणि गेली. मग तिनं सोलायचं थांबवून सांगितलं की रस्त्यानं कुठलीही फटफटी वाजली की म्हातारी ओट्यावर येऊन उभी राहायची. वैशाखात लेक न्यायला आली होती, चार दिवस आराम कर म्हणून मागं लागली होती. गेली नाही. "म्हनायची, फोटूवाले येतील आन् मी घरी न्हाई बघून माघारी जातील."

पाकीट माझ्या खांद्याच्या पिशवीत होतं. त्या बाईच्या हातात द्यायला काय हरकत होती? मुलाला देता आलं असतं, संध्याकाळपर्यंत थांबता आलं असतं. पण माझा हातच पिशवीत जाईना. त्या घरात फोटो लागला असता आणि रोज त्यांना आठवलं असतं की हा उशिरा आला. मी पाणीसुद्धा न पिता गाडी वळवली. ते पाकीट आजही केडगावात माझ्या घरी ट्रंकेत, जुन्या दिवाळी अंकांच्या खाली आहे.

शेवगाव येईपर्यंत मी ठरवत होतो की सिकंदरला खरं सांगायचं. दुकानात शिरलो. तो कात्रीनं पासपोर्टचे फोटो कापत होता. त्यानं वर बघितलं, माझ्या पायांवरचा वस्तीचा चिखल बघितला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की माझी जीभ अडली. कात्री बाजूला ठेवून त्यानं पेन्सिल काढली. काय म्हणली? आणि मी म्हणालो, "ही तं माझी माय हाय, असं म्हणाली."

कुठून आलं ते वाक्य, हे मला तेव्हाही माहीत होतं. बाभळीखालून आलं होतं. म्हातारी बाई आपला फोटो बघते आणि तिला त्यात तिची आई दिसते. वाक्य चांगलं होतं, आणि वाक्य चांगलं झालंय हे मला ते बोलतानाच कळलं. यापेक्षा लाजिरवाणी गोष्ट मी आयुष्यात केली नाही. सिकंदरनं पेन्सिल टेकवली, पण लिहिलं नाही. उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मग फोटोच्या पाठीवर सावकाश, एकेक अक्षर जुळवत त्यानं ते लिहिलं.

वर्षभरानं तो म्हणायला लागला, एकदा गयाबाईकडं जाऊन येऊ. त्या वस्तीचा बाजार पाथर्डीचा, त्यामुळं त्याला तिकडची खबर नव्हती. तेव्हा मी सांगितलं की ती गेली म्हणे. तो म्हणाला, "बघून गेली. बरं झालं." त्यानं तो फोटो मोठा करून दुकानात लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते वाक्य सांगायचा. मुलीच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला आणला तेव्हा डोळ्यावर पट्टी बांधलेल्या अवस्थेत शेजारच्या पेशंटला सांगत होता. मी शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होतो.

त्यानंतरही आम्ही दोन-तीन वर्षं हिंडलो. प्रिंट मी आठवड्याच्या आत पोचवायला लागलो, अगदी उन्हातान्हात. पण त्यानं 'काय म्हणला' विचारलं की मला माझ्याच कानांचा भरवसा वाटेना. माणूस जे बोललाय तेच मी सांगतोय का? खोक्यातल्या त्या शेवटच्या फोटोंच्या पाठीवरची वाक्यं फार साधी आहेत. 'बरा आलाय.' 'एवढाच हाय का?' एकदा तर 'काही नाही बोलला' असं लिहिलंय. सिकंदरला वाटायचं, माणसंच आता कमी बोलायला लागली. मग रोलच गेले. पुरवण्या आक्रसल्या, मासिकं बंद पडली, सगळ्यांच्या हातात मोबाईल आला आणि कुणाला कुणाच्या प्रिंटची वाट बघायची गरज उरली नाही. आम्ही मात्र राहिलो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. बोलायला काही नसतं, तरी येतो.

तर मागच्या आठवड्यात काउंटरवर एकोणचाळीस फोटो मांडून झाले, आणि सिकंदरनं भिंतीवरचा गयाबाईचा फोटो खाली उतरवला. कपड्यानं काच पुसली. हा पहिला, म्हणाला. दाराशीच लावणार हायेत पोरं, आन् हिचं वाक्य मोठ्या अक्षरात. ऊसतोडीच्या घरातली लई पोरं हायेत त्या कॉलेजात, त्यांनी वाचलं पायजे. हिचं जसंच्या तसं लिव्ह, एका शब्दाला हात लावू नको. आणि माझ्यापुढं कोरा कागद सरकवला.

मी गयाबाईचं नाव लिहिलं. वस्तीचं नाव लिहिलं. त्या पोरांत तिची एखादी पणतीही असेल, आणि ती माझं वाक्य पणजीचं म्हणून घरी घेऊन जाईल. पेन कागदावर टेकलेला राहिला, तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला. सिकंदर वाट बघत होता. मी म्हणालो, "सिकंदर, हे वाक्य तिचं नाही. माझं आहे."

त्याला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, मी थोडं सुधारून सांगितलं असेल. असू दे, म्हणाला, लेखक हायेस, तेवढं चालतंय. तेव्हा मी सगळं सांगितलं. शबनम, चैत्र, वैशाख, शाल, श्रावणातलं कुलूप. फटफटी वाजली की ओट्यावर येऊन उभी राहणारी म्हातारी. लेक न्यायला आली तरी न गेलेली. लसूण सोलणारी बाई जे बोलली ते मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो, आणि इतक्या वर्षांत त्यातला एक शब्दही माझ्याकडून इकडचा तिकडं झाला नव्हता. तुझ्या आईचं मला आठवत होतं, त्यातूनच ते वाक्य केलं, हेही सांगितलं. ते सांगणं सगळ्यात अवघड गेलं.

मध्येच एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली. सिकंदर उठला, पुढची बाजू काढली, मागची काढली, कागद नीट कापून तिच्या हातात दिला. तिनं जाताना भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडं बघितलं, तिथला रंग आजूबाजूपेक्षा उजळ होता. मग तो परत येऊन स्टुलावर बसला. गुडघे दुखतात म्हणून तो बसताना नेहमी काहीतरी कुरकुरतो, तेव्हा कुरकुरला नाही.

आता हा मला काय वाट्टेल ते बोलो, असं मी मनाशी म्हणत होतो. उठून जा म्हणाला तरी जायचं. रविवारचा फोन बंद झाला तरी चालेल, आपली तेवढीच लायकी. पण त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. पाकीट तुला कधी दिलं मी, असं विचारलं. फाल्गुनात, मी म्हणालो. आन् ती गेली कधी? आषाढात. त्यानं बोटांवर महिने मोजले, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आणि हात मांडीवर ठेवला. बराच वेळ दारातून रस्त्याकडं बघत राहिला. एक मोटारसायकल गेली, दुसरी गेली.

तीस वर्षांत त्यानं स्वतः एकही फोटो कुणाला नेऊन दिलेला नव्हता.

"चौदा किलोमीटर हाय ती वस्ती हितनं," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "मला सांगायचं नुसतं. मी गेलो असतो."